घाम कुठून जाणार?

आषाढातल्या सकाळी मालवण तालुक्यातल्या कुठल्याही मळ्याच्या बांधावर उभं राहावं. लावणी चालू असते. तरव्याच्या मुठी चिखलात जागोजागी टाकलेल्या असतात, बायामाणसं ओळीने वाकलेली असतात आणि सर आली तरी कुणी जागचं हलत नाही. पाठीवर इरलं असतं. बांबूच्या कामट्यांची वीण, मध्ये दाबून बसवलेली पानं, अलीकडे पानांच्या जागी प्लास्टिकचा कागद. आकार उलट्या घातलेल्या होडीचा. डोक्यावरून सुरू होऊन ते कमरेच्या खाली उतरतं. त्याला बटण नाही, बाही नाही, पट्टा नाही. डोक्यावर आणि पाठीवर नुसतं टेकलेलं असतं.

इरल्याकडे थोडं निरखून पाहिलं, की त्यामागचा विचार लक्षात येतो. लावणीला दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून छत्री बाद. माणूस तासन् तास वाकलेला असतो, म्हणून इरल्याचा बाक वाकलेल्या पाठीचा. पाऊस वरून येतो, म्हणून वरची बाजू बंद. आणि चिखलात राबणारं शरीर तापतं, म्हणून खालची आणि पुढची बाजू सताड उघडी. भर कष्टात माणूस तासाला लीटरभर घाम गाळू शकतो. तो घाम वाळला तरच अंग निवतं. इरलं पाऊस बाहेर ठेवतं आणि अंगाभोवती वारा खेळता ठेवतं. ज्यांनी हे घडवलं त्यांनी ही दोन्ही कामं एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवली होती.

हे सगळं मनात आलं ते एका जॅकेटमुळे. आमच्या शेजारची मुलगी गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणार आहे. समुद्राकाठी वाढलेली पोर बर्फावर उभी राहणार, म्हणून वाडीत सगळ्यांनाच कौतुक. तिला हवं होतं वरून घालायचं जलरोधक जॅकेट: आत अस्तर नसलेलं, पातळ आणि अंगाबरोबर बसणारं. बाजारात रेनकोट पुष्कळ, पण असं जॅकेट कुठलं मिळायला! शेवटी बाहेरगावाहून मागवलं. ते आलं तेव्हा तिने ओटीवर घालून दाखवलं. तिच्या आजीने कापड बोटांत धरून पाहिलं, गळ्यापर्यंत लावलेली चेन पाहिली आणि विचारलं, “चेडवा, पाऊस भायर रवतलो, पण घाम खंयसून जातलो?”

त्या म्हातारीने जे विचारलं, त्याचं उत्तर शोधण्यात जगाची दीडशे वर्षं गेली आहेत.

ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. पाऊस खरोखरच अडला. पण ते रबर उन्हात चिकट व्हायचं, थंडीत ताठरायचं. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णतेने रबर स्थिर करण्याची युक्ती सापडली आणि तो त्रास गेला. आपल्याकडे सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली बंगालमध्ये डकबॅकची सुरुवात केली आणि पुढे देशभरातल्या किती पिढ्या त्या रेनकोटात शाळेला गेल्या. या सगळ्या कोटांनी पाऊस अडवला. मात्र अर्धा मैल भराभर चालल्यावर सदरा आतून ओला व्हायचा तो व्हायचाच. पाण्याला वाट नसलेल्या त्या रबरी कापडातून वाफही जात नाही. जुना रेनकोट घालून चढ चढलेल्या कोणत्याही माणसाला हा अनुभव आहे.

उत्तर सापडलं ते १९६९ साली, अमेरिकेत. बॉब गोर हा तरुण संशोधक टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून पाहत होता आणि त्या तुटत होत्या. वैतागून त्याने एक कांडी एकदम हिसका देऊन ओढली. ती तुटली नाही. जवळजवळ दहापट लांब झाली. त्या ताणलेल्या पदार्थात अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं होतं. पाण्याच्या थेंबाला आत शिरता येणार नाही इतकी ती छिद्रं बारीक, पण वाफेचे रेणू सहज पार होतील इतकी मोठी. थेंब आणि वाफ हे एकाच पाण्याचे दोन अवतार, पण दोघांच्या आकारात प्रचंड अंतर आहे. त्या अंतरातून वाट काढली गेली. १९७६ मध्ये या पदार्थाचा पातळ पडदा चिकटवलेलं कापड गोर-टेक्स या नावाने बाजारात आलं आणि गिर्यारोहकांच्या, स्कीपटूंच्या अंगावर चढलं. आज त्याच तत्त्वावरची इतरही अनेक कापडं मिळतात.

म्हणून अशा जॅकेटच्या चिठ्ठीवर बहुतेक दोन आकडे असतात. पहिला मिलिमीटरमध्ये, उदाहरणार्थ १०,००० किंवा २०,०००. याचा पावसाच्या मापाशी संबंध नाही. आपल्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ते मिलिमीटर वेगळे. इथे कापडावर पाण्याचा केवढा उंच स्तंभ उभा केला तर ते झिरपू लागेल, ते सांगितलेलं असतं. दुसरा आकडा ग्रॅममध्ये. एक चौरस मीटर कापडातून दिवसभरात किती वाफ बाहेर जाते, त्याचा. गिऱ्हाईक पहिला आकडा पाहतं आणि खूश होतं. आजीने थेट दुसरा विचारला होता.

पण आकडा असला म्हणून वाफ आपोआप बाहेर पडत नाही. तिला बाहेरून ओढ लागते. जिथे बाष्प जास्त तिथून जिथे कमी तिकडे ती सरकते. शून्य अंशाला एक घनमीटर हवेत फार तर ५ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. २८ अंशाला २७ ग्रॅमच्या आसपास. गुलमर्गच्या गारठ्यात बाहेरची हवा जवळजवळ कोरडी, म्हणून अंगातली वाफ जॅकेटमधून बाहेर धाव घेते. तेच जॅकेट जुलैत मालवणला घाला. इथली हवा आधीच भिजून जड झालेली. वाफेला बाहेर ओढणारा जोर फारच कमी उरतो, आणि महागडं कापडही साध्या रेनकोटासारखं आतून ओलं होतं. कापडात खोट नसते. ते ज्या हवेसाठी घडलं ती हवा इथे नाही. आपल्या पावसाला कापडाच्या बारीक छिद्रांपेक्षा मोकळा वारा जास्त उपयोगी. म्हणूनच इथल्या माणसांनी अंगापासून सुटं राहणारं, खालून उघडं इरलं निवडलं. ते आपल्या हवेचं उत्तर होतं, आणि तेवढंच शास्त्रशुद्ध होतं.

आता त्या मुलीच्या दुसऱ्या हट्टाकडे, जॅकेट अंगाबरोबर बसायला हवं याकडे, येऊ. त्यातही तथ्य आहे. ढगळ जॅकेट वाऱ्यात फडफडतं आणि उतारावर वेगाने येताना अडथळा होतं. प्रत्येक हालचालीबरोबर आतली ऊब बाहेर फेकली जाते. मात्र हे जॅकेट स्वतः ऊब देत नाही. ऊब देतो आतला लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर, आणि तोही आपल्यात साठवलेल्या हवेच्या जोरावर. वरचं जॅकेट फार घट्ट झालं, तर आतला थर चेपला जातो, हवा निघून जाते आणि माणूस थंडीने कुडकुडतो. म्हणून ते नुसत्या पातळ सदऱ्यावर घालून आरशात पाहायचं नसतं. आतले सगळे कपडे चढवायचे, वरून जॅकेट घालायचं, दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, खाली वाकायचं, उकिडवं बसायचं. मनगट उघडं पडलं नाही, कंबर उघडी पडली नाही, छातीवर ताण आला नाही, तर ते खरं बेताचं. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, हे पाहायचं, कारण सुईच्या भोकांतून पाणी शिरतं. आणि काखेत चेन आहे का, हे पाहायचं. चढताना ती उघडायची, उतरताना लावायची. आजीला ती काखेतली चेन दाखवली, तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

आणखी एक गोष्ट फार कमी जण ध्यानात घेतात. अशा जॅकेटच्या वरच्या कापडावर पाणी मोत्यासारखं घरंगळावं म्हणून एक लेप असतो. वापराने, मळाने आणि घामाच्या क्षारांनी तो दुबळा होतो. मग वरचं कापड पाणी पितं आणि ओलं राहतं. आतला पडदा शाबूत असूनही वाफेची वाट बुजते, आणि माणूस म्हणतो, जॅकेट गळायला लागलं. खरं तर ते धुवायला हवं असतं. सौम्य साबणाने, कपडे मऊ करणारं औषध न घालता, आणि चिठ्ठीवर परवानगी असेल तर मंद उष्णतेवर वाळवून. राखलं तर ते कित्येक हिवाळे टिकतं. राखणदाराचीही राखण करावी लागते.

या सगळ्यातून मनात एकच विचार घोळत राहतो. आपण ज्यांच्यावर माया करतो त्यांच्यावर पांघरूण घालतो. लेकीला गारठा लागू नये, लेकाला ठेच लागू नये, म्हाताऱ्या वडिलांना दगदग होऊ नये. मन पहिल्या आकड्याकडे धावतं: किती पाऊस अडेल? आणि आतल्या माणसाला धाप लागली, तो भिजला, गुदमरला, हे बाहेरून दिसतच नाही. बाहेर सगळं कोरडं दिसतं. ज्या घरात मुलांना चुकण्याची, रागावण्याची, रडण्याची, परत प्रश्न विचारण्याची मुभा नसते, ते घर कितीही सुरक्षित असलं तरी आतून ओलं असतं. काळजी अंगाबरोबर असावी, फार लांब राहून चालत नाही. पण आतल्या माणसाचे स्वतःचे थर चेपले जाऊ नयेत एवढी जागा तिने सोडावी. लेकराला हात वर करता यावेत. चढ आला की एखादी चेन उघडता यावी.

आणि हवा बदलली की पांघरूणही बदलावं लागतं. लहानपणी जे इरलं पुरलं ते बर्फावर पुरत नाही. बर्फावरचं जॅकेट कोकणच्या पावसात निकामी ठरतं. आपल्या वेळी जे उपयोगी पडलं तेच पुढच्या पिढीच्या अंगावर चढवण्याआधी, ती कुठल्या हवेत निघाली आहे हे विचारायला हवं. त्या आजीने जॅकेटला नकार दिला नाही, नातीला थांबवलंही नाही. तिने फक्त आयुष्यभर पावसात राबून कळलेली एक खूण नातीच्या हाती दिली. नात गुलमर्गला पोहोचेल, तिथल्या उतारावर पडेल, उठेल, घामाघूम होईल. तिने तसं व्हावं यासाठीच तर ते जॅकेट आहे. ज्याच्यासाठी पांघरूण घेतलं, त्याला त्यात मनसोक्त राबता आलं, तरच त्या पांघरुणाचं सार्थक.