ठरलेली जागा

पुण्याहून हातभर पॉमेरेनियन पिल्लू अणदूरला आजीच्या घरी आलं. गाव खंडोबाचं, त्यामुळे नाव आपसूक वाघ्या पडलं. नातवाने पॉटी पॅडचा गठ्ठाही आणला होता. खाली प्लास्टिक, वर पांढरा मऊ थर, मधे डायपरमध्ये असते तसली ओल धरून ठेवणारी भुकटी. आजी आधी हसली. मग उन्हाळ्यातले टँकर आठवून म्हणाली, "बरं हाय, फरशी तरी धुवावी लागायची न्हाई."

पण धुवावी लागलीच. पॅड आज जिन्याखाली, उद्या ओसरीच्या कोपऱ्यात. कुणी आलं की नातू लाजून ते आत सरकवायचा. वाघ्याने एकदा शहाबादीच्या सांध्यात उरकलं आणि तिथे मुरलेला वास त्याला पुन्हा पुन्हा तिथेच नेऊ लागला. नातू फिनाईल ओतायचा. फिनाईलने माणसाचं नाक फसतं, कुत्र्याचं नाही. शेवटी वैतागून त्याने पिल्लाचं नाक त्या ओलीत घासलं, वर चापटही मारली. वाघ्या त्यातून एवढंच शिकला की या माणसासमोर करायचं नाही. तो कणगीमागे जाऊन उरकू लागला.

"कशाला मारायलास?" आजी म्हणाली. "आपला देव किती ठिकाणी ऱ्हातो रे?"

"दोन. इथं आन् नळदुर्गला."

"पावणेदोन म्हैने तिकडं, बाकी वरीस इथं. त्याचाबी दोन्ही गावांत लेखी करार होतो. देवाची जागा बदलायला एवढं ठरवावं लागतंय, आन् ह्या मुक्या जिवाची जागा तू रोज उचलायलास."

पॅड परसदाराशी गेलं आणि तिथेच राहिलं. सांधे व्हिनेगरच्या पाण्याने घासले. जुनं पॅड उचलताना त्याचा ओला तुकडा नव्यावर ठेवायचा, म्हणजे नाकाला खूण मिळते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून दमल्यावर पिल्लाला घाई होतेच. त्या वेळी आजी त्याला उचलून पॅडवर नेई आणि झाल्याबरोबर जागेवरच भाकरीचा तुकडा देई. स्वयंपाकघरात आणून दिला तर तो कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. चुकला तर मुकाट्याने पुसून घ्यायचं. नातवाला हेच जड गेलं. ओरडायला बसल्या जागेवरून जमतं, पिल्लाला न्यायला मात्र दर वेळी उठावं लागतं.

मार्गशीर्षात यात्रेला पाहुणे आले. मागच्या दाराशी चपलांची रांग लागायला लागली तशी नातवाची आई पॅड उचलायला वाकली.

"आई, त्याला हात लावू नको," नातू आतून ओरडला. "चपला तिकडं काढायला सांग."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चपला उचलून पुढच्या दारी नेल्या.