शंका कुणावर घ्यावी?

कादंबरी अर्ध्यावर अडली की लेखकाला पहिली शंका येते ती स्वतःची. कविता एका बैठकीत उतरू शकते. कादंबरी वर्षानुवर्षं घरात मुक्काम ठोकते आणि ‘हे आपल्याच्यानं होणार का?’ हा प्रश्न रोज सकाळी समोर उभा राहतो. नाव झाल्यावरही तो पिच्छा सोडत नाही. ‘कोसला’ 1963 सालची. नेमाड्यांची पुढची कादंबरी ‘बिढार’ आली 1975 साली.

अशा वेळी आत्मविश्वास बाळगा, असा सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. शंका राहू द्यावी, फक्त तिची जागा बदलावी. ‘मी लेखक आहे का?’ हे सोडून ‘हे पान खरं उतरलंय का?’ एवढंच विचारावं. गोंदिया जिल्ह्याशी नातं असलेल्या दोन लेखकांमुळे माझं हे मत पक्कं झालं.

पहिला भवभूती, आठव्या शतकातला. विदर्भातलं त्याचं पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. तो नाटककार, पण दुखणं तेच. ‘मालतीमाधव’च्या प्रस्तावनेत तो आपल्याला कमी लेखणाऱ्यांना सुनावतो, की हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच, काळाला अंत नाही, पृथ्वी मोठी आहे, माझ्या जातकुळीचा कुणी तरी कधी तरी भेटेलच. हे आपण अभिमानाचं वचन म्हणून वाचतो. मला त्यात जखम दिसते. समोर कालप्रियनाथाच्या यात्रेला जमलेले प्रेक्षक बसलेत आणि हा न जन्मलेल्या वाचकाला हाक मारतो आहे!

पण खरा भवभूती मला दुसरीकडे भेटतो. त्याच्या ‘महावीरचरिता’चा पाचव्या अंकानंतरचा मजकूर सगळ्या हस्तलिखितांत एकसारखा नाही, शेवटचा भाग त्याचा की इतरांनी पुरा केलेला, यावर अभ्यासकांचा वाद आहे. ते काहीही असो, पुढे ‘उत्तररामचरिता’त तो पुन्हा रामाकडेच वळला. या वेळी पराक्रमी राम बाजूला पडला आणि सीतेला टाकून आतून तुटलेला राम समोर आला. सातव्या अंकात तर नाटकातच नाटक उभं करून त्याने रामाला आपल्या वागण्याचा प्रेक्षक बनवलं. तीच कथा, पण पाहणं बदललं. टीकाकारांना शब्दांनी दिलेल्या उत्तरापेक्षा हे उत्तर मला मोठं वाटतं.

दुसरे व्यंकटेश माडगूळकर. माणदेशचा हा माणूस नागझिऱ्याच्या जंगलात येऊन राहिला. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता; गोंदिया वेगळा झाला 1 मे 1999 रोजी. ‘बनगरवाडी’ 1955 साली येऊन गेली होती, नाव झालं होतं, तरीही ते पाहायला आले. ‘नागझिरा’ हे त्या मुक्कामाचं पुस्तक, आणि ‘सत्तांतर’ (1982) ही वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या लढाईची कादंबरी. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. वानरांची टोळी लांबून एकसारखी दिसते. कुणाचा कान फाटलाय, कुणाची शेपूट तुटलीय, कोण कुणाला वाट देतं, हे कळायला तासन् तास बसावं लागतं. नवा हुप्प्या टोळी बळकावतो तेव्हा पिल्लांचा जीव जातो. ही गोष्ट हळवेपणानं लिहिली असती तर पार फसली असती. माडगूळकरांनी मानवी नीती तिच्यावर लादली नाही. अशा कामात लेखकाची शंका निरीक्षणावर खर्ची पडते. स्वतःला कुरतडायला ती फारशी उरत नाही.

आज या जिल्ह्यात कादंबरी लिहायला बसलेल्या तरुणापुढे आणखी एक शंका असते, भाषेची. घरात पोवारी, बाजारात झाडीबोली, देवरी-सालेकसाकडे गोंडी आणि कागदावर शाळेतली मराठी. आपलं बोलणं पुस्तकात शोभेल का, ही भीती कितीतरी हस्तलिखितांना गिळून बसली असेल. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिलं, त्याचं मोल इथे कळतं. ही शंकाही पानावरच घ्यावी. पऱ्ह्यांची पेंढी हातात घेऊन बांधीच्या चिखलात उभी असलेली बाई शेजारणीला काय म्हणेल, ते कानांनी ऐकलेलं आहे का? नसेल तर रोवणी सुरू असताना धुऱ्यावर जाऊन बसता येतं.