उसना डोंगर

बंगळूरच्या इंदिरानगरात स्थायिक झालेल्या पुणेकरासमोर तिथल्या लालबागेचं कौतुक करून बघा. तो मान डोलावतो आणि दोन वाक्यांत सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानावर येतो. लालबाग २४० एकरांची, हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केलेली. पुण्याची ही जपानी बाग जेमतेम दहा एकरांची. पण जपानी बागेचं माप एकरांत घेता येत नाही, कारण ती नेमकी कुठे संपते हेच ठरवणं अवघड.

पुण्याच्या बागेचा मूळ नमुना म्हणजे ओकायामाचं कोराकुएन. तिथल्या इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये ते आखायला घेतलं, १७०० मध्ये पुरं झालं. तळं, टेकाडं, हिरवळ हे सगळं त्याने केलंच. पण बागेत नसलेल्या दोन गोष्टीही हिशेबात धरल्या. एक, असाही नावाच्या नदीपलीकडचा स्वतःचा किल्ला. दुसरी, मिसाओ डोंगर. अशा बागांची युक्ती साधी आहे. मधलं तेवढं लपवायचं. छपरं, रस्ते, वर्दळ यांच्यापुढे झाडी लावायची आणि ती अशा बेताने कातरायची की नजर तळ्यावरून निघाली की थेट डोंगरावर जाऊन टेकावी. डोंगराचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर, पाहण्याचं सुख मात्र बागेचं! मुघल बागेचा विचार याच्या उलट: भिंत घाला आणि आत स्वर्ग रचा.

उसनवारीत धोका असतोच. २९ जून १९४५च्या बॉम्बहल्ल्यात ओकायामाचा किल्ला जळाला. बागेचीही नासधूस झाली होती, पण झाडं पुन्हा लावता येतात. किल्ल्याचा मनोरा १९६६ मध्ये काँक्रीटचा उभा राहीपर्यंत बागेचा एक तुकडा बागेबाहेरच हरवलेला होता. पुण्याने तळं आणि पूल आणले, उत्तम केलं. माळी ते सांभाळतीलही. पण कुंपणापलीकडे किती मजले चढतात, यावर माळ्याचा काय इलाज?

लालबागेला हे फारसं बोचत नाही. तिथल्या खडकावर चढलं की चहूकडे टॉवर दिसतात, तरी काचघर आणि जुने वृक्ष आपल्या जागी भक्कम. त्यांनी बाहेरून काही मागितलेलंच नव्हतं. आम्हा इंदिरानगरवाल्यांचं तसं नाही. इथल्या फ्लॅटच्या गॅलरीतली हिरवाई बहुतेक शेजारच्या बंगल्याची असते. बंगला विकला जातो, चार मजले उठतात, खाली कॅफे येतो. शेजाऱ्याने कायदा मोडलेला नसतो. भांडणार कशावरून? आपली तर एक फांदीही तुटलेली नसते. सीएमएच रोडवरची झाडं मेट्रोसाठी गेली तेव्हा निदान ओरड तरी करता आली. ती सार्वजनिक होती.

क्योतोच्या एन्त्सू-जी मंदिराची बाग समोरच्या हिएई डोंगरावरच उभी आहे; तो झाकला तर उरतं शेवाळ, काही दगड आणि कातरलेलं कुंपण. २००७ मध्ये त्या शहराने अशी ३८ ठिकाणं नेमली आणि तिथून दिसणारं दृश्य अडेल अशा बांधकामावर बंधन घातलं. शहराच्या मध्यभागी तर कमाल उंची ४५ मीटरवरून ३१ वर आणली. जमिनीचे भाव पडतील म्हणून कुरकुर झालीच. डोंगराच्या उसनवारीचा हप्ता अखेर आसपासच्या प्लॉटवाल्यांनाच भरावा लागला, आणि मला तो रास्त वाटतो. अर्थात माझा तिथे प्लॉट नाही.