दैव हे पाचवे कारण

मंचर, कळंब, नारायणगाव आणि आळेफाटा ही गावे ज्या पुणे-नाशिक महामार्गाच्या आधाराने वाढली, त्या मार्गावर मोटारीचा एखादा भीषण अपघात झाला म्हणजे त्याची मीमांसा दोन ठिकाणी होते. एक होते पोलीस ठाण्याच्या दप्तरात. तेथे पंचनामा होतो, फिर्याद दाखल होते, साक्षीदारांचे जबाब घेतले जातात आणि अमुक चालकाने हयगयीने व अविचाराने भरधाव वाहन चालविल्यामुळे हा प्रकार घडला, असा निष्कर्ष कागदावर रुजू होतो. दुसरी होते पारावर आणि दशक्रियेच्या घाटावर. तेथे वाचलेल्याविषयी ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे म्हणतात आणि गेलेल्याविषयी ‘त्याचे आयुष्यच तेवढे होते’ असे म्हणून सुस्कारा सोडतात. पहिली मीमांसा सारा भार कर्त्यावर टाकते, दुसरी तो दैवावर टाकते. दोहोंत थोडेथोडे सत्य आहे. परंतु कर्ता आणि दैव या दोन टोकांच्या मध्ये जी विस्तीर्ण जागा उरते तिच्याकडे कोणी पाहत नाही, आणि माझ्या मते धर्मविचाराची खरी कसोटी त्याच जागेत लागते.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली व व्यापार, आणि पाचवे दैव. एवढे सांगून गीता थांबत नाही. ही पाच कारणे असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारहीन होय, असा निर्वाळाही तेथे लगोलग दिला आहे. कर्तृत्वाचा अहंकार गळावा म्हणून हा उपदेश आहे, असे भाष्यकार सांगतात आणि ते यथार्थच आहे. परंतु या गणनेतील क्रमाकडेही लक्ष द्यावे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. दैव पाचवे आहे, पहिले नव्हे. आणि आधीच्या चार कारणांचा हिशेब चुकता केल्यावाचून पाचव्याचे नाव घेण्याचा अधिकार मनुष्याला पोहोचत नाही. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्याचाही रोख कर्माच्या नियमापुढे मनुष्य हतबल ठरत नाही हे दाखविण्याकडेच आहे.

हा विचार आता एका लौकिक वस्तूला, मोटारीतील एअरबॅगला लावून पाहू. समोरासमोर सरळ धडक झाली तर या हवेच्या उशीचे काम सोपे असते: गाडीतील संवेदक वेगातील आकस्मिक घट ओळखतो, रासायनिक चूर्ण पेट घेते, वायू उत्पन्न होतो, आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत, म्हणजे सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागात, घडी करून ठेवलेली पिशवी फुगून चालकाचे डोके आणि सुकाणूचे चाक यांच्यामध्ये उभी राहते. परंतु आपल्या रस्त्यांवरील धडका नेहमी अशा सरळ होत नाहीत. ऊसतोडणीच्या हंगामात रात्रीच्या वेळी मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली एकाएकी समोर दिसते, चालक उजवीकडे चाक फिरवितो, आणि मोटारीचा डावा कोपरा ट्रॉलीच्या मागल्या कोपऱ्यावर आदळतो. किंवा कल्याण-नगर रस्ता जेथे नाशिकचा रस्ता छेदतो त्या आळेफाट्याच्या परिसरात, पुढच्या वाहनाला ओलांडू पाहणारी दोन वाहने उजव्या कोपऱ्यांनी एकमेकांत घुसतात. अशा तिरक्या धडकेत गाडी नुसती थांबत नाही, ती आघाताच्या बाजूला गरकन वळते. आतली माणसे मात्र पूर्वीच्याच दिशेने पुढे जात राहतात, आणि त्यामुळे गाडीच्या आतून पाहिले असता त्यांची डोकी पुढे व बाजूला, म्हणजे तिरकी, फेकली जातात. पहिल्या प्रकारच्या धडकेत उजव्या आसनावरील चालक गाडीच्या मध्यभागाकडे झुकतो, त्याचा उजवा खांदा पट्ट्यातून निसटतो आणि डोके पिशवीच्या कडेवरून घसरून मधल्या फळीकडे जाते. दुसऱ्या प्रकारात ते पुढच्या काचेला तोलून धरणाऱ्या उजव्या खांबाकडे जाते. दाराच्या वर दडवलेली पडद्यासारखी पिशवी मुळात बाजूच्या धडकेसाठी योजिलेली. तिची पुढची कड आणि सुकाणूवरची पिशवी यांच्यामध्ये एक फट राहते, आणि तिरके आलेले डोके नेमके त्या फटीत शिरते. दोन्ही पिशव्या वेळेवर उघडल्या, पट्टा बांधलेला होता, तरी मनुष्य गेला, असे ऐकले की पारावर बसलेले लोक म्हणतात, नशीबच खोटे. मी म्हणतो, फट होती.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढेच आहे. आपल्याकडे ‘डोक्याला मुका मार लागला’ असे म्हणतात. कवटी अभंग, रक्ताचा थेंब नाही, आणि तरीही मनुष्य शुद्धीवर येत नाही. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ हॉलबोर्न यांनी १९४३ साली असे प्रतिपादन केले की मेंदूला खरा अपाय डोक्याच्या झटक्याने वळण्यामुळे होतो. कवटी गरकन फिरते, आतला मऊ मेंदू तिच्या मागे राहतो, आणि त्या ओढाताणीत त्याचे तंतू कातरले जातात. तिरक्या धडकेत पिशवीच्या कडेवर गाल अडकतो, धड पुढे जात राहते आणि डोके मानेवर फिरते. म्हणजे जी वस्तू रक्षणासाठी आली तीच क्षणभर त्या फिरण्याचा आस बनते. असे असूनही १९७० च्या दशकापासून डोक्याच्या इजेचे जे मापन जगभर प्रमाण मानले गेले, ते केवळ सरळ रेषेतील आघात मोजीत होते. फिरण्याचे मोजमाप करणारा निकष अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्यातील संशोधकांनी २०१३ मध्ये मांडला. हॉलबोर्ननंतर सत्तर वर्षांनी. प्रमाणावाचून प्रमेयाची सिद्धी नाही, हे आपल्या नैयायिकांचे म्हणणे येथे किती कठोरपणे खरे ठरते! जे मोजले नाही ते आराखड्यात आले नाही, जे आराखड्यात आले नाही ते कारखान्यात घडले नाही, आणि जे कारखान्यात घडले नाही त्याच्या अभावाने जे गेले त्यांची नावे आपण दैवाच्या खात्यावर मांडली.

मापन आल्यावर साधने आली. अमेरिकेच्या त्याच महामार्ग सुरक्षा खात्याने तिरक्या धडकेची एक चाचणी सिद्ध केली: उभ्या गाडीवर १५ अंशांच्या कोनातून ताशी ९० किलोमीटर वेगाने एक जड सरकता अडथळा असा आदळवायचा की गाडीच्या पुढच्या भागाचा ३५ टक्के हिस्साच त्याच्या माऱ्यात यावा. पडद्याची पिशवी पुढे वाढवून ती फट बुजविण्याचे प्रयत्न झाले. होंडा कंपनीच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये प्रवाशासाठी अशी पिशवी जाहीर केली की जिच्या मधल्या कप्प्याच्या दोन्ही बाजूंना दोन कप्पे पुढे येतात आणि त्यांच्यामध्ये ताणलेले कापड, झेल घेणाऱ्याच्या ओंजळीसारखे, येणारे डोके सामावून घेते आणि त्याला फिरू देत नाही. आपल्याकडे चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशासाठी नव्या प्रकारच्या गाड्यांत १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. सहा पिशव्यांचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला, पण तो अमलात आला नाही. वाहनांची परीक्षा घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ पासून पुण्यात आहे, तिचे एक केंद्र याच महामार्गावरील चाकणला आहे, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून देशाची स्वतःची तारांकनाची पद्धतही सुरू झाली आहे. तिच्यातील समोरच्या धडकेत गाडीचा ४० टक्के भाग ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळतो. पण ती गाडी सरळच जाते. तिरके जाणारे डोके हा प्रश्न अजून आपल्या दारात उभा आहे.

यावर एक आक्षेप श्रद्धावान मनुष्य घेईल आणि तो आदराने ऐकला पाहिजे. प्रारब्ध भोगल्यावाचून सुटत नाही, तर मग मृत्यूच्या मार्गात पिशव्या उभ्या करणे हा ईश्वरी व्यवस्थेत हस्तक्षेप नव्हे काय? नवी गाडी घेतली की ती ओझरच्या विघ्नेश्वराच्या दर्शनाला न्यावी, चाकाखाली लिंबू ठेवावे, हार घालावा, आणि पुढचे त्याच्यावर सोपवावे, यात काय न्यून आहे? दर्शनात काहीच न्यून नाही. परंतु आपल्याच धर्मशास्त्राने, याज्ञवल्क्यस्मृतीने, एका चाकाने रथ चालत नाही तसे पुरुषकारावाचून दैव सिद्धीस जात नाही, असे सांगून ठेवले आहे. आणि समर्थांच्या दासबोधातही यत्नाला जे स्थान आहे ते देवाच्या स्थानाहून फारसे निराळे नाही. प्रारब्ध कोणाचे किती, हे ज्याला ठाऊक नाही त्याने दुसऱ्याच्या डोक्यापुढची फट तशीच ठेवून ‘ते त्याचे प्रारब्ध’ म्हणणे, ही भक्ती नव्हे. ती आपल्या आळसाला ईश्वराची सही घेणे आहे.

ज्यांना या विचारात परकेपणा वाटतो त्यांनी जुन्नरहून नाणेघाटाकडे जावे. त्या घाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा प्रसिद्ध शिलालेख आहे आणि त्यात यज्ञांची व दक्षिणांची मोठी गणना आहे. त्याच घाटात, वाटेच्या कडेला, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि त्यांतल्या एकावर सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या मनुष्याने ते पुण्यदान म्हणून दिल्याचे कोरलेले आहे. शास्त्रकारांनी यज्ञाला इष्ट म्हटले आणि विहिरी, तळी, धर्मशाळा यांना पूर्त म्हटले. नाणेघाटात दोन्ही एकाच वाटेवर शेजारी उभी आहेत. कोकणातून बैलांवर माल लादून चढणारा वाटसरू कोण असेल, त्याची जात कोणती, तो कोणत्या देवाला भजतो, हे गोविंददासाला कळण्याचा संभव नव्हता. त्याला एवढेच कळत होते की या चढावर येणारा मनुष्य तहानलेला असेल. चाकणच्या एखाद्या कारखान्यात पिशवीची कड चार बोटे पुढे वाढवावी की नाही याचा निर्णय घेणाऱ्या अभियंत्याची स्थिती तत्त्वतः हीच आहे. कोणाचे डोके येणार हे त्याला ठाऊक नाही. ते कोठून येईल हे मात्र त्याला ठाऊक आहे. त्याचा तो निर्णय मी पूर्तकर्मात गणतो, आणि हे म्हणताना मी शब्दांची ओढाताण करीत आहे असे मला मुळीच वाटत नाही.

आळेफाट्याजवळ आळे गावी त्या रेड्याची समाधी आहे, ज्याच्या मुखातून ज्ञानदेवांनी पैठणला वेद वदविले अशी परंपरा आहे. त्या कथेचा चमत्काराचा भाग सर्वांच्या तोंडी असतो. मला त्यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो, की रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले तेव्हा त्यांचे वळ ज्ञानदेवांच्या अंगावर उमटले. दुसऱ्याच्या देहावरील आघात आपल्या देहाला कळणे, ही संतांची सहज अवस्था होती. आपण सामान्य माणसे. आपल्याला ते कळावे म्हणून यंत्रे बसविलेला एक निर्जीव पुतळा गाडीत बसवावा लागतो, त्याची मान वळते, त्याच्या डोक्यातील संवेदक आकडे देतात, आणि त्या आकड्यांच्या द्वारे कोणा अज्ञात माणसाचा मुका मार तो घडण्यापूर्वीच आपल्यापर्यंत पोहोचतो. साधन हीन आहे म्हणून त्यामागची करुणा हीन ठरत नाही.

तथापि साधनाचीही मर्यादा सांगितली पाहिजे. अमेरिकेत १९८७ ते २०१७ या काळात समोरच्या एअरबॅगांमुळे ५०,४५७ प्राण वाचले असा तेथील सरकारी हिशेब आहे. आणि त्याच देशात १९९० ते २००८ या काळात, प्राणघातक ठरू नयेत अशा मंद वेगाच्या धडकांत, पिशवीच्या फुगण्याच्या जोरानेच २९० हून अधिक माणसे गेली, ज्यांत लहान मुले पुष्कळ होती. रक्षणासाठी उगारलेला हातही विवेकावाचून घात करतो. म्हणून लहान मुलांना पुढच्या आसनावर बसवू नये, आणि पट्टा न बांधता पिशवीवर विसंबू नये. कारण पट्ट्याने जागेवर धरलेल्या शरीरासाठीच ती योजिलेली आहे. एवढे सगळे करूनही काही माणसे जातील. कोन निराळा असेल, वेग फार असेल, झाड उन्मळून पडेल. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीणवर डोंगर कोसळला त्या पहाटेची आठवण असलेल्या मुलखात दैव नावाची वस्तूच नाही असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? चारही कारणांचा शोध संपल्यावर जे उरते त्यापुढे नम्र व्हावे, हे मला मान्य आहे. शोध संपण्यापूर्वी नम्र होणे मला मान्य नाही.

आणि आणखी एक गोष्ट अस्वस्थ करते. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मरण पावली, आणि त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवर होती. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घालून पहाटे मोटारसायकलवर परतणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यापुढे कोणतीच पिशवी उघडत नाही. त्याच्यासाठी गीतेतील पहिले कारण, अधिष्ठान, म्हणजे प्रत्यक्ष रस्ता आणि त्यावरचा उजेड, हेच काय ते रक्षण. पंचनाम्यातही या कारणाची दखल असावी. पंचनामा करणाऱ्या फौजदाराने चालकाचे नाव लिहावेच. पण धडकेचा कोन, डोके कशावर आदळले, ट्रॉलीला मागे दिवा होता की नव्हता, हेही त्याने लिहावे, म्हणजे उरलेल्या तीन कारणांची कैफियत कोठे तरी नोंदली जाईल.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. गाडी खरेदी करणाऱ्यांनी रंग आणि पडदा-टीव्ही यांच्या चौकशीआधी पिशव्या किती, पडद्याची पिशवी पुढच्या खांबापर्यंत पोहोचते का, आणि मागच्या तिन्ही आसनांना तीन बिंदूंचा पट्टा आहे का, हे विचारावे व तो पट्टा बांधावा. आणि साखर कारखान्यांनी येत्या गाळप हंगामाची मोळी टाकण्यापूर्वी, जुन्नर आणि आंबेगावातील प्रत्येक ट्रॉली व टायरगाडीच्या मागल्या दोन्ही कोपऱ्यांना चमकणाऱ्या लाल पट्ट्या लावून घ्याव्यात. या कामाला ना परदेशी तंत्रज्ञान लागते ना सरकारी मंजुरी, आणि ते पहिली खेप निघण्याच्या आधी पुरे होऊ शकते.