दृष्ट, पंजा आणि प्रेक्षक

संरक्षक चिन्ह चित्रकृतीत अवतरते तेव्हा एक नैतिक पेच निर्माण होतो. असे चिन्ह परक्याच्या दृष्टीपासून रक्षण व्हावे म्हणून योजिलेले असते. चित्राचे अस्तित्व मात्र परक्याच्या दृष्टीवरच अवलंबून असते. मग चित्रातील पंजा कोणाचे रक्षण करतो, आणि कोणापासून?

मुंबईत १९६० साली बेने इस्राएल कुटुंबात जन्मलेल्या व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या सिओना बेंजामिन यांच्या चित्रांपुढे हा प्रश्न अटळ ठरतो. भारतीय लघुचित्रशैली, ज्यू आख्याने आणि उघड्या तळहाताचे ‘हम्सा’ हे चिन्ह त्यांच्या चित्रभाषेत एकत्र नांदतात. अरबी ‘खम्सा’, हिब्रू ‘हामेश’ आणि फारसीतून मराठीत रुळलेला ‘पंजा’ या तिन्ही शब्दांच्या मुळाशी पाच ही संख्या आहे. मुस्लिम परंपरा या हाताला फातिमेचा म्हणते, ज्यू परंपरा मिर्यामचा. १८७९ साली उभारलेले ‘शआर हश्शामाइम’ सिनेगॉग ज्या ठाण्यात आहे, तेथील मराठीभाषक बेने इस्राएलांना हे चिन्ह पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. वल्हांडणाच्या वेळी मेंढ्याच्या रक्ताने कागदावर हाताचा ठसा उमटवून तो दारावर लावण्याची या समाजाची जुनी चाल नोंदली गेली आहे. मोहरमचा पंजाही महाराष्ट्रात गावोगाव ओळखीचा आहे.

या साम्यावरून ‘धार्मिक समन्वय’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो अपुरा आहे. फातिमेवरील श्रद्धा आणि मिर्यामवरील श्रद्धा एकरूप होत नाहीत. या परंपरांत समान आहे ते भय: मूल दगावण्याचे, घर उजाडण्याचे, कोणाची तरी नजर लागण्याचे. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणारी मराठी आईही याच भयाची भागीदार असते. हे भय वगळून चिन्हाला केवळ सलोख्याचे प्रतीक मानणे म्हणजे ज्यांनी ते दारावर लावले त्यांची असुरक्षितता नाकारणे होय.

बेंजामिन यांच्या अनेक स्त्रीप्रतिमा निळ्या वर्णाच्या आहेत. तो वर्ण कृष्णाचे स्मरण देतो, त्याचबरोबर गौरेतर ज्यू स्त्रीचे परकेपणही दृश्यमान करतो. येथे दृष्टीचा अर्थ पालटतो. मत्सरी शेजाऱ्याच्या डोळ्याची जागा माणसाला वर्णावरून, धर्मावरून वेगळे काढणारी समाजाची नजर घेते. घरच्या दारावरून दालनाच्या भिंतीवर आल्याने चिन्हाचे विधिमूल्य क्षीण होते, हा आक्षेप मान्य करावाच लागेल. तथापि त्याचे कार्य संपत नाही. दारावरचा पंजा अनुपस्थित, अनाम डोळ्याला उद्देशून असतो. चित्रातील पंजासमोर प्रत्यक्ष प्रेक्षक उभा असतो. त्यामुळे आस्वादकाला तटस्थ राहता येत नाही. ज्या नजरेपासून रक्षण हवे आहे ती आपलीच तर नव्हे, हे तपासण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. अशा चित्रांच्या समीक्षेने चिन्हांचे मूळ शोधून थांबू नये. या जबाबदारीचाही विचार करावा.