ताटीबाहेर उभी बहीण

॥ श्री सद्गुरू प्रसन्न ॥



राखी पौर्णिमा जवळ आली की इथल्या जुन्या मंडळींना २००६ साल आठवतंच. त्या वर्षी राखी ९ ऑगस्टला होती. उकाई धरणातून लाखो क्युसेक पाणी सुटलं, तापी पात्रात मावेना, आणि ऐन सणाला शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अडाजण, रांदेरकडे तळमजले बुडाले. वीज नाही, दूध नाही. खानदेशातून यायच्या बहिणी येणार तरी कशा?

पण त्याच दिवसांत खालच्या मजल्यावरच्यांना वरच्यांनी आपल्या घरात घेतलं. कोण कुठल्या गावचा, मागे कुणाशी काय वाजलं होतं, याची विचारपूस करायला वेळच नव्हता. होतं ते धान्य सगळ्यांचं झालं.

बाहेरचं पाणी आलं तेव्हा दारं उघडली. घरातलंच काही बिनसतं तेव्हा मात्र तीच दारं लागतात, आणि वर्षानुवर्षं उघडत नाहीत. आपल्या घरांतून हे काही नवीन नाही. सण असतो, दोन खोल्यांत बारा-पंधरा माणसं जमलेली असतात, तळण चालू असतं. तेवढ्यात कुणीतरी गावच्या घराचा विषय काढतो. मोठा आईच्या औषधपाण्याचा हिशोब मांडतो, धाकटा ताटावरून उठतो आणि आत जाऊन कडी लावून घेतो. बहीण हातात निरांजन घेऊन तशीच उभी!

अशा वेळी आपल्याला मुक्ताई आठवावी. लोकांनी अपमान केला म्हणून ज्ञानोबा माउली झोपडीची ताटी लावून आत बसले. ज्ञानोबांसारखे ज्ञानोबा, त्यांनाही माणसांचा वीट आला, हे आधी नीट लक्षात घेऊ. म्हणजे रुसणारा वाईटच असतो असं नाही. लागलेलं असतं त्याला. आईवडील नाहीत, चौघांत सगळ्यात लहान मुक्ताई, आणि तीच ताटीबाहेर उभी राहिली. तिने भावाला दोष दिला नाही, नुसती गोड समजूतही काढली नाही. तू कोण आहेस याची आठवण दिली आणि दार उघड म्हणाली. तेच ताटीचे अभंग. लहान असून ती आधी गेली. आपल्याकडे मात्र ‘मी मोठा, मी का जाऊ?’ यातच आखाजी जाते, राखी जाते, दिवाळीही जाते. याच मुक्ताईने पुढे जळगाव जिल्ह्यात तापीकाठी देह ठेवला, असं परंपरा सांगते. तिथलंच पाणी आपल्या सुरतेत येतं.

आता थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नये. पुष्कळ ठिकाणी राखीला बोलावलेल्या बहिणीपुढे ओवाळणीबरोबर हक्कसोडीचा कागद येतो. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तो घ्यायचा की सोडायचा हे तिने ठरवावं, सवडीने, जाणत्या माणसाला विचारून. सणाच्या दिवशी चार डोळे रोखून सही मागू नये. आणि तिने नाही म्हटलं तर माहेरचं दार तिला बंद करायचं? मग भावाने हात पुढे करून राखी तरी कशाला बांधून घ्यावी? तिला गप्प बसवून घरात शांतता ठेवणं, याला आम्ही समजूतदारपणा म्हणणार नाही.

वाटणीचं बोलणं करायचंच तर सणानंतर दोन दिवसांनी, सगळ्यांना आधी सांगून करावं. पौर्णिमेला फक्त जेवावं. बोलणं बंद असलेल्या भावाकडे किंवा बहिणीकडे त्याआधी एकदा जाऊन यावं. फोन नको, मेसेज तर नकोच. दार उघडलं नाही तर उंबऱ्याशी डबा ठेवून यावं.

येत्या गुरुवारी आरतीनंतर ताटीच्या अभंगांचं वाचन आहे. घरातलं कुणी रुसलेलं असेल तर सोबत आणा, येत नसेल तर एकटे या. प्रसादाला भगर आहे, डबे आपापले आणावेत.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥