झिजलेल्या मुद्रिकेचा पाठ

ध्वनिमुद्रित आवाजावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न बहुधा कायद्याच्या कक्षेतच चर्चिला जातो. गायक, रचनाकार आणि मुद्रण करणारी कंपनी यांच्यात स्वामित्वाची वाटणी झाली की तो संपला, असे गृहीत धरले जाते. परंतु एकाचा मुद्रित आवाज दुसरा कलावंत आपल्या निर्मितीचे द्रव्य म्हणून वापरतो, तेव्हा स्वामित्वाच्या पलीकडे ऋणाचा प्रश्न उभा राहतो. मुख्यत्वे जुन्या ध्वनिमुद्रिका आणि जुने रेकॉर्डप्लेअर यांच्या साहाय्याने रचना करणारे इंग्लिश संगीतकार फिलिप जेक (१९५२–२०२२) यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

मुद्रिकेचा वाद्य म्हणून उपयोग जेक यांच्या बराच आधी सुरू झाला होता. जॉन केज यांच्या ‘इमॅजिनरी लँडस्केप क्र. १’ (१९३९) या रचनेत वेग बदलता येणाऱ्या यंत्रांवर तांत्रिक चाचणीसाठी मुद्रित केलेले स्वर वाजतात. कोणाचा कंठ त्या मुद्रिकांत नाही. प्येर शेफर यांनी १९४८ मध्ये आगगाडीचे ध्वनी त्यांच्या उगमापासून सोडवून घेतले. पण त्यामुळे आगगाडीवर अन्याय झाला, असे कोणी म्हणणार नाही. जेक यांच्या सामग्रीविषयी इतक्या निश्चिंतपणे बोलता येत नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानांतून मिळवलेल्या त्यांच्या मुद्रिकांत कोणीतरी गायिलेले असते, आणि त्या कोणीतरी वर्षानुवर्षे ऐकलेल्याही असतात.

लोल सार्जंट यांच्यासह त्यांनी सादर केलेल्या ‘व्हायनिल रेक्विएम’ (१९९३) या प्रयोगात १९५०-६० च्या दशकांतील १८० रेकॉर्डप्लेअर होते. रेक्विएम म्हणजे मृतांच्या शांतीसाठी केलेली ख्रिस्ती उपासना. कॉम्पॅक्ट डिस्कने बाजार व्यापला असताना हे शीर्षक यथार्थ वाटावे, असेच होते. मंद गती, पुनःपुन्हा त्याच खाचेत परतणारी सुई आणि सतत ऐकू येणारी खरखर, ही जेक यांच्या शैलीची लक्षणे होत.

यातील खरखरीचे स्थान महत्त्वाचे आहे. सुई खाचेतील ध्वनी वाचते आणि त्याच स्पर्शाने तो किंचित पुसूनही टाकते. म्हणजे ओरखडा हा श्रवणाचाच अवशेष ठरतो. पाठचिकित्सक लेखनिकाचे प्रमाद दूर सारून मूळ संहितेकडे जाऊ पाहतो; ध्वनितंत्रातील ‘निष्ठे’ची कल्पनाही तशीच मूळ गायनाकडे वळलेली असते. जेक यांनी मात्र प्रमादांसह आलेली प्रत प्रमाण मानली. त्यांच्या संगीतात अनाम श्रोत्यांच्या वापराला साक्षीचा दर्जा मिळतो.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. श्रोत्याला न्याय देताना गायकाचे काय? कोणतेही आनंदी गीत अर्ध्या गतीने वाजवले की ते शोकाकुल भासते. हा शोक गायकाचा नसतो. तो यंत्राच्या गतीने निर्माण केलेला असतो. बार्थ यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या ‘लेखकाच्या मृत्यू’चा आधार घेऊन आक्षेप टाळता येईल, असे वाटणे शक्य आहे. पण तो सिद्धान्त अर्थनिर्णयाविषयी आहे. कंठातून निघालेला श्वास हा निव्वळ अर्थ नव्हे. तो एका देहाचा अंश आहे. मृत गायकाची संमती मिळू शकत नाही, म्हणून ती आवश्यकच नव्हती, असे म्हणता येत नाही.

ख्रिश्चन मार्क्ले यांच्या ‘फूटस्टेप्स’शी (१९८९) तुलना केली असता हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. झुरिक येथे सुमारे ३,५०० मुद्रिका जमिनीवर अंथरून प्रेक्षकांना त्यांवरून चालू दिले गेले. त्यांत पावलांचेच आवाज मुद्रित होते आणि झीज ही कलावंताने योजलेली होती. द्रव्य आणि हानी दोन्ही त्याचीच असल्याने त्याच्यावर कोणाचे ऋण उरत नाही. जेक यांच्याकडे आलेली झीज मात्र वारशाची होती. वारसा वापरता येतो. पण तो स्वार्जित म्हणून मिरवता येत नाही.

यावरून एक निकष सुचतो. उसना आवाज रचनेत परका म्हणून ऐकू येतो का? खरखरीतून एखादा स्वर क्षणभर वर येतो आणि तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे हे जाणवते, तेथे जेक यांची रचना ऋण मान्य करते. जेथे सारे एका धूसर नादात विरघळते, तेथे सौंदर्य टिकते, पण ऋणको दिसेनासा होतो आणि धनकोही. हे दुसरे स्थळ अधिक रम्य असते, म्हणूनच समीक्षेने तेथे सावध असले पाहिजे.

पुढे जे घडले त्याने ‘रेक्विएम’चा अर्थच पालटला. २०२२ मध्ये अमेरिकेत व्हायनिल मुद्रिकांची विक्री, नगांच्या हिशेबात, १९८७ नंतर प्रथमच कॉम्पॅक्ट डिस्कपेक्षा अधिक झाली. ज्या वस्तूसाठी शांतिपाठ केला, ती वस्तू परत आली. पण त्या विशिष्ट प्रती झिजवणारे कान परत येणार नाहीत. हा शोक वस्तूचा नव्हताच, असे आता म्हणावे लागते. आणि तो ज्यांचा होता त्यांची नावे कोणत्याही वेष्टनावर छापलेली नाहीत.